जुन्या पिकअपच्या वायरिंगचा लपंडाव: चालू-बंद होणारा दोष कसा पकडायचा

पिंपळगावहून टोमॅटो भरून वाशीला निघालेल्या गाडीचे हेडलाइट कसारा घाटात जातात, आणि दुसऱ्या दिवशी नाशिकला इलेक्ट्रिशियनसमोर उभी केली की सगळे दिवे लख्ख लागतात. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. आधी बॅटरी, मग अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), मग सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर). पैसे जातात, भाडं बुडतं आणि पुढच्या घाटात तोच प्रकार पुन्हा होतो.

दहा-पंधरा वर्षं माल वाहिलेल्या बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ सारख्या गाडीत एक गोष्ट आधी पक्की धरायची. पार्ट मेला की तो बहुतेक मेलेलाच राहतो. जो दोष येतो-जातो, तो बऱ्याचदा दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे असतो: टर्मिनल, अर्थचा (चेसिसमधून बॅटरीच्या मायनसला परत जाणाऱ्या वाटेचा) बोल्ट, कपलरची (वायरी जोडणाऱ्या प्लगची) पिन, फ्यूजचा पाय, स्विचचा पॉइंट, किंवा टेपखाली पीळ देऊन जोडलेली वायर. याला अपवाद आहेत, ते पुढे येतील. पण सुरुवात जोडांपासून करायची, पार्टपासून नाही.

दुसरी गोष्ट मल्टीमीटरची. मीटर बीपवर लावून वायर तपासली, बीप वाजली, म्हणजे वायर चांगली असं बहुतेक जण धरतात. इथेच फसगत होते. तीस तारांच्या वायरमधली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते, कारण मीटर त्यातून जेमतेम मिलिअँपिअर करंट सोडतो. त्याच वायरवर दोन हेडलाइट लावले की १० अँपिअर मागितले जातात आणि ती एक तार तापून हात वर करते. हिशोब साधा आहे. ०.१ ओहमचा खराब जोड १० अँपिअरला १ व्होल्ट खातो. सेल्फ २०० अँपिअरच्या पुढे घेतो, तिथे ०.००५ ओहमसुद्धा १ व्होल्ट खातं, आणि इतका बारीक रोध साध्या मीटरच्या ओहमवर दिसतच नाही. म्हणून जोड तपासायचा तो त्यातून खरा करंट वाहत असताना, व्होल्टमध्ये. याला ड्रॉप बघणं म्हणतात. खालची बहुतेक कामं याच एका मापावर चालतात.

आधी दोषाची वेळ लिहा

गाडीत एक वही ठेवा. दोष आला की लगेच पाच गोष्टी टिपायच्या: इंजिन थंड होतं की गरम, गाडी खाली होती की भरलेली, खड्डा किंवा ब्रेकर गेला का, पाऊस किंवा धुणं झालं होतं का, आणि त्या क्षणी काय काय चालू होतं. ड्रायव्हर दुसरा असेल तर त्याच्याकडूनच लिहून घ्या. 'मधेच लाइट जाते' एवढ्यावर कुणालाच काही सापडत नाही.

धक्क्याने येणारा दोष म्हणजे सैल पिन, तुटत आलेली वायर, किंवा अल्टरनेटरचे झिजलेले ब्रश. गरम झाल्यावर येणारा म्हणजे रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच), सेल्फचा सोलेनॉइड (करंट दिला की ओढणारी गुंडाळी), इग्निशन स्विच, कॉमन रेल गाडीत (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या नव्या इंजिनात) क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा). ओलीने येणारा म्हणजे मागचे कपलर आणि फ्यूज बॉक्स. एक वस्तू चालू केली की दुसरी बिघडते, तर अर्थ. उदाहरणार्थ, उजवा इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट मंद लुकलुकते, किंवा हेडलाइट लावले की तापमानाचा काटा हलतो. हे दिसलं की बाकी काही न बघता अर्थिंगकडे जा. भरलेल्या गाडीतच येणाऱ्या दोषासाठी हौद्याखाली शिरा. पाटे (मागच्या स्प्रिंग) दबले की चेसिस आणि हौदा यांच्यात वायर दाबली जाते.

काय जवळ हवं

१० अँपिअर डीसी मोजणारा डिजिटल मीटर. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसह, दोन्ही वायरींना क्लिप. १० अँपिअरचा फ्यूज घातलेली दोन मीटर लांब वायर. शिवणकामाच्या बारीक टाचण्या, शून्य नंबरचा पॉलिश पेपर, वायर ब्रश, खायचा सोडा, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, व्हॅसलीन, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) दाबायचा चांगला प्लास (साधी पक्कड नव्हे), हीट श्रिंक स्लीव्ह, १.५ आणि २.५ चौरस मिमीची वायर.

एलईडीवाला टेस्टर मुद्दाम लिहिलेला नाही. तो एका तारेवरही उजळतो. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून सडलेली वायर त्याच्यासमोर उघडी पडते. मात्र कॉमन रेल गाडीच्या ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींना हा बल्ब अजिबात लावायचा नाही. तिथे फक्त मीटर.

काम सुरू करताना हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, हातातलं कडं-अंगठी काढून ठेवायची. बॅटरी सोडताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. इंजिन चालू असताना 'डायनॅमो चार्ज करतो का बघू' म्हणून बॅटरीचं टर्मिनल काढायची पद्धत अजून दिसते. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) उडू शकतो. ही पद्धत सोडून द्या.

बॅटरी आणि अर्थ: निम्मं काम इथेच

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरी मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळपास रिकामी. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. अर्धवट बॅटरीवर घेतलेली पुढची सगळी मापं खोटी येतात. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको.

आता टर्मिनल. वरून स्वच्छ दिसणारं टर्मिनल आतून काळं असू शकतं. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर मधोमध दाबा, दुसरं त्याच खांबावर बसलेल्या क्लॅम्पवर. जोडीदाराला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. स्टॉपची नॉब असेल तर ती ओढून धरायची, डिझेल सोडणारा सोलेनॉइड असेल तर त्याची वायर काढून ठेवायची (सेल्फच्या सोलेनॉइडची नव्हे), म्हणजे इंजिन सुरू होत नाही. रीडिंग ०.०५ च्या आत हवं. ०.२ आलं तरी टर्मिनल काढून खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत होईपर्यंत घासा. पांढरा-हिरवा थर असेल तर एक चमचा सोडा पेलाभर पाण्यात घालून धुवा. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून घट्ट बसवा आणि व्हॅसलीन वरून लावा. खांब आणि क्लॅम्पच्या मध्ये नको.

क्लॅम्प सैल म्हणून खांबावर पत्र्याची पट्टी किंवा स्क्रू ठोकलेला असतो. तो काढा. खांबाला तडा जातो आणि बॅटरीच्या आतला जोड हलतो. मग बॅटरीच चालू-बंद होऊ लागते, म्हणजे एका दोषाचे दोन होतात. क्लॅम्प नवा घ्या.

पुढे अर्थ. मीटरचं एक टोक मायनसच्या खांबावरच राहू द्या, दुसरं इंजिनच्या उघड्या, घासलेल्या धातूवर. पुन्हा सेल्फ. ०.२ पर्यंत ठीक, ०.५ आलं तर नक्की खराब. कुठे खराब, ते टप्प्याटप्प्याने सापडतं: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं दुसरं टोक, तिथून चेसिस, चेसिस ते इंजिन. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा उडी मारतो तिथे दोष.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, केबिनही रबरावर. म्हणजे दोन्हींना चेसिसशी जोडणारी स्वतंत्र पट्टी लागते. गिअरबॉक्स उतरवलेल्या जुन्या गाडीत इंजिनची पट्टी परत लावायची राहून गेलेली बऱ्याचदा सापडते. तेव्हा सेल्फचा करंट परतीची वाट शोधतो आणि अॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जातो. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर त्या केबलचं कव्हर हाताला गरम लागतं, कधी वितळून केबल अडकते. अॅक्सिलरेटर चिकटतो म्हणून केबल बदलत बसण्याआधी ही पट्टी बघा.

दुरुस्ती करताना थिंबलच्या बुडाखालचा रंग आणि गंज पूर्ण घासून पांढरा धातू काढा, काटेरी वॉशर टाका, बोल्ट कसा, आणि मग वरून रंग किंवा ग्रीस. इंजिनची अर्थ केबल बॅटरीच्या मुख्य केबलइतकीच जाड हवी. केबिनसाठी ६ चौरस मिमी पुरते. मागच्या दिव्यांना हौद्याच्या पत्र्यावर अर्थ देऊ नका. हौदा काढघाल होतो आणि बोल्ट गंजतात. २.५ चौरस मिमीची काळी वायर थेट चेसिसच्या घासलेल्या बोल्टपर्यंत आणा. एवढ्या एका वायरीने मागच्या दिव्यांच्या बहुतेक तक्रारी मिटतात, आणि ती प्रत्येक जुन्या पिकअपमध्ये टाकावी असं आमचं ठाम मत आहे.

मागचे दिवे आणि नाशिकचा माल

इथल्या पिकअपच्या मागच्या वायरिंगचं आयुष्य मालावर ठरतं. टोमॅटोच्या क्रेटमधून आंबट रस गळतो आणि हौद्याच्या फटीतून थेट कपलरवर पडतो. द्राक्षबागेसाठी नेलेलं गंधक आणि मोरचूद, फवारणीच्या टाकीतून हिंदकळलेलं पाणी, युरियाच्या फाटक्या गोणीतली पूड, हे सगळं चेसिसवर बसतं. कोरड्या दिवसांत काही होत नाही. पहिला पाऊस पडला की तीच पूड ओली होते, पिनांमधून करंट झिरपतो आणि तांबं हिरवं पडतं. म्हणून जूनमध्ये एकदम मागच्या दिव्यांच्या तक्रारी सुरू होतात.

कपलर सोडून पिना बघा. वरवर हिरवट असतील तर काँटॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रश पुरतो. पण वायर पिनेपाशी काळी पडली असेल तर इन्सुलेशनच्या आत गंज पुढे सरकलेला असतो. तांबं लाल, चमकदार दिसेपर्यंत वायर मागे कापत जा. कधी बोटभर जावं लागतं, कधी वीतभर. काळ्या तांब्यावर केलेला जोड पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

मादी पिन सैल झाली का ते डोळ्यांना कळत नाही. तशीच नवी नर पिन घेऊन एकेका भोकात घालून ओढा. प्रत्येक ठिकाणी थोडी पकड लागली पाहिजे. जी सहज निघते ती पिन बारीक स्क्रूड्रायव्हरने आवळा, नाहीतर बदला. मीटरचं जाड टोक मादी पिनेत कधीच खुपसू नका, त्यानेच ती फाकते. माप घ्यायचं तर कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने टाचणी सारा.

जोड देताना पीळ आणि टेप हा जोड धरायचा नाही. थिंबल किंवा ट्यूब दाबून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. नुसती डाग (सोल्डर) दिली तर डाग संपते तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. डाग द्यायचीच असेल तर दोन्ही बाजूंना वायर चेसिसला बांधून घ्या. शेजारशेजारच्या वायरींचे जोड एका ओळीत नकोत, दोन-दोन इंच पुढेमागे घ्या. कपलरमध्ये साधं सिलिकॉन भरू नका. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सुकताना तांबं खातं. विजेच्या जोडांसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस वेगळं असतं, ते वापरा. आणि कपलरकडे येणारी वायर खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे पाणी झोळातून खाली पडतं, कपलरमध्ये शिरत नाही.

फ्यूज कधीतरीच उडतो

फ्यूज मधूनमधून उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तार घालायची नाही. १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा, हे रंग लक्षात ठेवा. निळ्याच्या जागी हिरवा दिसला तर आधी कुणीतरी हेच केलंय. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि वायर जळली की शेजारच्या दहा वायरी घेऊन जळते.

उडालेला फ्यूज काढा. त्याच्या दोन पायांच्या जागी २१ वॉटचा बल्ब लावा. त्या सर्किटवरची सगळी उपकरणं बंद करा किंवा सोडून ठेवा. बल्ब विझलेला असायला हवा. आता हार्नेस (वायरींचा बांधलेला गठ्ठा) पुढून मागे हाताने हलवत, ओढत, दाबत या. जिथे बल्ब एकदम पूर्ण उजळतो तिथे वायर बॉडीला लागतेय. बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे दहा-बारा फ्यूज न जाळता शॉर्ट सापडतो. पाटे दबल्यावरच शॉर्ट होत असेल तर बल्ब लांब वायरीवर घेऊन मीटर बोर्डवर चिकटवा, त्या सर्किटशिवाय चालेल अशा रिकाम्या मैदानात दिवसाउजेडी भरलेली गाडी सावकाश फिरवा आणि बल्ब कुठल्या धक्क्याला पेटतो ते बघा.

आधी बघायच्या जागा: चेसिसच्या आडव्या पट्टीतलं भोक जिथलं रबर निघून गेलंय, सायलेन्सरजवळचा वळसा, पाट्याच्या हँगरची बाजू, स्टिअरिंगखालचा गठ्ठा, सीटखालची पट्टी. फाळक्याला (हौद्याच्या मागच्या दाराला) किंवा हौद्याला वेल्डिंग झालं असेल तर त्या जागेखालचा हार्नेस उघडून बघाच. वरची पाइप शाबूत दिसते आणि आत चार वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या असतात. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनल्स काढायला हवीत, कॉमन रेल गाडीत ईसीएमचा कपलरसुद्धा. वेल्डिंगचा अर्थ वेल्डच्या जागेला लागून घ्यायचा.

गाडी कांद्याच्या चाळीशेजारी उभी राहत असेल तर उंदीर. बॉनेटखाली लेंड्या किंवा सालपटं दिसली की इंजिनच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूचा हार्नेस आरसा धरून बघा. उंदीर वायर पूर्ण तोडत नाही, इन्सुलेशन कुरतडून ठेवतो. कोरड्यात सगळं चालतं, दवाच्या सकाळी शॉर्ट होतं.

सेल्फ कधी लागतो, कधी नाही

चावी फिरवली आणि एकच जोरदार 'टक' आली, इंजिन फिरलं नाही, तर आधी वरचं बॅटरी-अर्थचं माप. ते नीट असेल तर सोलेनॉइडचे आतले पॉइंट किंवा सेल्फचे ब्रश. काहीच आवाज नाही, किंवा बारीक टकटक येते, तर चावीकडून सोलेनॉइडला येणारी बारीक वायर मोजा. मीटरचं एक टोक त्या वायरीच्या पिनेवर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर, चावी फिरवून धरा. त्याच वेळी बॅटरीवर जे व्होल्ट आहेत त्यापेक्षा १ व्होल्टहून जास्त कमी नकोत. बॅटरी १०.८ आणि पिनेवर ७.५ असेल तर तीन व्होल्ट जुना इग्निशन स्विच आणि लांब वायर खातेय. थंड असताना सोलेनॉइड तेवढ्यावर कसाबसा ओढतो, गरम झाल्यावर त्याच्या गुंडाळीचा रोध वाढतो आणि तो ओढत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावर डिझेल भरून लगेच गाडी सुरू होत नाही आणि अर्ध्या तासाने होते, त्याचं हे नेहमीचं कारण.

उपाय सेल्फ बदलणं हा नाही. ४० अँपिअरचा चार पायांचा रिले टाका. ३० नंबरच्या पायाला बॅटरीच्या प्लसवरून ४ चौरस मिमी वायर, बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज घालून. ८७ वरून सोलेनॉइडला तसलीच वायर. चावीकडून आलेली जुनी वायर ८६ ला, आणि ८५ अर्थला. आता इग्निशन स्विचला जेमतेम पाव अँपिअरच्या आसपासचं काम उरतं, त्याचे पॉइंटही टिकतात.

चार्जिंग

इंजिन जरा रेस करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ हवेत. हेडलाइट, वायपर, ब्लोअर लावून १३.३ च्या खाली नको. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर, आणि बल्ब सारखे उडतात त्याचं कारणही तेच. अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, सगळे लोड चालू असताना, ०.३ पेक्षा जास्त ड्रॉप नको. बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिमी दबावा. मीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर डायोड गेलेला असतो.

धक्क्याला बॅटरीचा दिवा लुकलुकतो, तेव्हा ब्रश झिजलेत असं समजा. पण नवे ब्रश घालण्याआधी मागे बघा. बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. त्याचं सील गेलं की ऑइल आत येतं, ब्रशच्या काजळीत मिसळून काळा लगदा होतो आणि ब्रश खाचेत अडकतात. सील न बदलता ब्रश बदलले तर काही आठवड्यांत पुन्हा तेच.

आणखी एक. चावी टाकल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतच नसेल तर तो बल्ब बघा. जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब गेला की अल्टरनेटर जोरात रेस केल्याशिवाय चार्ज करत नाही, आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत तासभर रांगत गेलेल्या गाडीची बॅटरी उतरते.

चालता चालता इंजिन बंद

हा दोष सगळ्यांत धोक्याचा, घाटात स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. त्याला टाळत बसू नका. मेकॅनिकल पंपाच्या ज्या गाडीत डिझेल सोडणाऱ्या सोलेनॉइडला सतत करंट लागतो, तिथे ती एक वायर क्षणभर तुटली तरी इंजिन बंद. सोलेनॉइडच्या पिनेवरून एक बारीक वायर केबिनमध्ये आणा, वाटेत १ अँपिअरचा फ्यूज, आणि मीटर बोर्डवर ५ वॉटचा बल्ब अर्थला जोडून ठेवा. शेजारी एक जण बसवा आणि त्याने फक्त बल्बकडे बघायचं. इंजिन गेलं तेव्हा बल्बही विझला तर दोष चावी, फ्यूज, वायर यांत. बल्ब पेटलेला राहिला तर वायरिंगचा नाद सोडा आणि डिझेलमधली हवा, फिल्टर, किंवा सोलेनॉइड बघा. असाच बल्ब कुठल्याही सर्किटला लावता येतो. येणारा-जाणारा दोष पकडायला याहून सोपं साधन नाही.

कॉमन रेल गाडी असेल तर आधी स्कॅनरवर कोड वाचून घ्या, पुसण्याआधी लिहून ठेवा. गरम झाल्यावर बंद पडते आणि सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसतो, तर क्रँक सेन्सर किंवा त्याचा कपलर. मेन रिलेचा सॉकेटही तपासा.

हेडलाइट

होल्डरवर, दिवा लागलेला असताना मोजा. बॅटरी १३.८ आणि होल्डरवर ११.५ असेल तर उजेड जवळपास निम्मा होतो. म्हणून लोक ९०/१०० वॉटचे बल्ब घालतात, आणि त्याने होल्डर वितळतो. ६०/५५ चेच बल्ब ठेवा, डिपर-अप्परला दोन वेगळे रिले आणि २.५ चौरस मिमी वायर द्या. होल्डरचं प्लास्टिक तपकिरी दिसलं की साफ करण्यात वेळ घालवू नका, चिनीमातीचा होल्डर घ्या.

रात्रीत बॅटरी उतरते

सगळं बंद, चावी काढलेली. मायनसचं टर्मिनल काढून मध्ये मीटर, १० अँपिअरवर. अर्धा तास थांबा. ०.०५ अँपिअरपर्यंत चालतं. ०.५ असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, तीन दिवसांच्या सुट्टीत जुनी बॅटरी संपू शकते. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, दार उघडलं तर केबिनचा दिवा धरला जातो हे ध्यानात ठेवा. एकेक फ्यूज काढत जा, आकडा कुठे पडतो बघा. कुठल्याच फ्यूजला पडला नाही तर बॅटरी सोडून अल्टरनेटरची मोठी वायर काढा, टोक टेपने झाका, आणि पुन्हा मोजा. गळणारा डायोड असा सापडतो. त्यानंतर टेपचा डेक, जीपीएस, मोबाइल चार्जर, एलईडी पट्टी, म्हणजे जे जे नंतर कुणीतरी जोडलंय. त्या प्रत्येकाला स्वतःचा फ्यूज हवा आणि करंट चावीनंतरच्या लाइनवरून.

निफाडच्या थंडीत जी गाडी पहाटेच दगा देते तिथे ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) रिले चिकटून राहतो का तेही बघा. सुरू झाल्यावर मिनिटभराने प्लगच्या पट्टीवर व्होल्ट दिसायला नकोत. काही गाड्यांत कंट्रोलर थोडा जास्त वेळ चालू ठेवतो, पण पाच मिनिटांनंतरही १२ असेल तर रिले बदला.

दोष येत नसेल तर आणायचा

गाडी शांत उभी असताना तपासून उपयोग नाही. ओलीचा संशय असेल तर झाडांवर पाणी मारायची स्प्रे बाटली घ्या आणि एकावेळी एकच जागा भिजवा: आधी मागचा कपलर, पाच मिनिटं थांबा, मग फ्यूज बॉक्सच्या खालची बाजू, मग पुढचे. धुलाई केंद्राच्या प्रेशरने सगळं एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. उष्णतेचा असेल तर रिलेवर केस वाळवायचा ड्रायर दोन मिनिटं. धक्क्याचा असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिले, फ्यूज बॉक्स आणि कपलर हलके ठोका. लोडचा असेल तर सगळे दिवे, वायपर, हॉर्न एकदम.

एका वेळी एकच बदल करा. चार जोड एकदम साफ केले आणि दोष गेला, तर नेमका कुठला होता हे कळत नाही आणि महिन्याने परत आला की पहिल्यापासून सुरुवात.

पूर्ण वायरिंग बदलायचं का, हा प्रश्न येतोच. वायर दोन बोटांत वाकवून बघा. इन्सुलेशन तडकलं तर तो फाटा बदला. इंजिनच्या वरचा आणि हौद्याखालचा फाटा आधी जातो, डॅशबोर्डमागचा बहुतेक शाबूत असतो. चांगला कंपनीचा हार्नेस काढून हाताने बांधलेला सरसकट घालणं शेवटचा पर्याय ठेवा, आणि घालायचाच तर मूळ रंगांच्याच वायरी मागा. सगळीकडे लालच वायर टाकलेली गाडी पुढच्या इलेक्ट्रिशियनला तपासता येत नाही.

काम झाल्यावर जो ड्रॉप आधी मोजला होता तोच पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. मग दोष ज्या परिस्थितीत येत होता त्याच परिस्थितीत गाडी फिरवा: भरलेली असताना येत असेल तर भरून, पावसात येत असेल तर मागचा भाग भिजवून. फाळका लावण्याआधी मागचे दिवे एकदा ब्रेक दाबून, इंडिकेटर देऊन, रिव्हर्स टाकून, तिन्ही एकत्र लावून बघा.